जंगलवाटेवर गाडी घेऊन मुक्कामी जाताना: भंडारदरा फेरीची पहिली आखणी

ओव्हरलँडिंग म्हणजे घर गाडीत भरायचं, रोज थोडं पुढे सरकायचं आणि रात्री तंबूत झोपायचं. या नादाला लागलेल्या बहुतेकांची तयारी गाडीपासून सुरू होते. टायर कुठले घ्यावेत, छतावरचा तंबू परवडेल का, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) हवीच का, यात महिने जातात. निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी विचारतं, ‘पण झोपायचं कुठे?’ खरं तर हाच प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा. सह्याद्रीत मोकळं दिसणारं प्रत्येक माळरान कुणाचं तरी असतं. ते शेतकऱ्याचं असेल, गावाचं असेल, वनविभागाचं असेल नाहीतर पाटबंधारे खात्याचं. रात्रीची जागा पक्की झाली की रस्ता, सामान आणि गाडी यांचे निर्णय आपोआप सोपे होतात.

उदाहरणासाठी मी भंडारदरा धरणाच्या जलाशयाभोवतीची फेरी घेतली आहे. पहिल्या सहलीला याहून चांगली जागा मला सुचत नाही. रस्ता गोलाकार आहे, थोड्या थोड्या अंतरावर गावं आहेत, भोवती रान आहे आणि साध्या गाडीनेही हे सगळं जमतं.

## १. आधी रात्रीची जागा ठरवा

हा सगळा पट्टा अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतो आणि त्याचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. त्यामुळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ इथे लागू होतो. त्यातली तीन कलमं निघण्याआधी डोक्यात ठेवा. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मात्र सार्वजनिक रस्त्याने पुढे जाणाऱ्याला सूट आहे. म्हणजे गावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्याने खुशाल जा, पण रस्ता सोडून चाक रानात घातलंत की तुम्ही घुसखोर ठरता. कलम ३० आगीबद्दल आहे, कलम ३१ शस्त्रांबद्दल. कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरेही येतात. तेव्हा तो लांब पात्याचा ‘जंगल नाइफ’ घरीच राहू द्या. कांदा चिरायला स्वयंपाकघरातली छोटी सुरी पुरते, तीही भांड्यांच्या पेटीतच ठेवा.

मग तंबू कुठे लावायचा? माझं उत्तर ठाम आहे: गावातल्या माणसाच्या मालकीच्या जागेत, त्याला विचारून. शेंडी, मुरशेत, पांजरे, रतनवाडी, साम्रद या गावांत आता पुष्कळ घरं पाहुण्यांची सोय करतात. काहींचे स्वतःचे तंबू आहेत, काहीजण तुमच्या तंबूला जागा आणि जेवण देतात. फोन करताना सरळ विचारा: ‘मामा, आम्ही चौघं आणि एक गाडी आहे. तंबू आमचाच आणतो. तुमच्या खळ्यात किंवा अंगणात लावला तर चालेल का? जागा तुमच्या सातबाऱ्यावरची आहे ना?’ शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच. रात्री अकराला कुणी ‘ही जागा वनखात्याची आहे, उठा’ म्हणून दार वाजवण्यापेक्षा तो प्रश्न बरा. समोरच्या माणसालाही तुमच्या विचारण्यात गैर वाटत नाही, कारण असली फजिती त्यानेही पाहिलेली असते.

भात कापून झोडून झाल्यावरचं खळं हा मुक्कामाचा सगळ्यात उत्तम तळ. जमीन सपाट, चोपलेली, दगडगोटे वेचलेले आणि घर हाकेच्या अंतरावर. मात्र झोडणी चालू असेल तर खळं रिकामं नसतं, म्हणून आधी विचारणं भाग आहे.

इथे तीन ठिकाणी नवखे फसतात.

जलाशयाचा काठ. फोटोत सगळ्यात सुंदर दिसणारी ही जागा पाणी ओसरल्यावर उघडी पडते. ती बुडीत क्षेत्राची सरकारी जमीन आहे. काही भाग गाळपेरीसाठी शेतकऱ्यांकडे असतो. वरून कोरडी वाटणारी माती आत लोण्यासारखी मऊ असते आणि गाडी तिथेच रुतते. काठ बघायला चालत जा.

‘पावती घेतली म्हणजे मुक्कामाची परवानगी मिळाली’ हा समज. नाक्यावर घेतलेलं शुल्क हे प्रवेशाचं असतं. त्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि रात्री थांबणार असल्याचं तिथेच सांगा. पावती परतीपर्यंत जपून ठेवा.

तिसरं, व्याघ्र प्रकल्प. भंडारदरा जमलं म्हणून पुढच्या खेपेला मेळघाट किंवा ताडोब्यात असाच तंबू ठोकू, असं मनात येतं. तो विचार सोडून द्या. मेळघाट हा १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक आहे आणि तिथले नियम अभयारण्याहून कडक आहेत. सेमाडोह, कोलकास इथल्या वनविभागाच्या संकुलात आरक्षण करून राहता येतं आणि तो अनुभव फार सुंदर आहे, पण ती वेगळ्या प्रकारची सहल झाली.

## २. महिना निवडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पहिल्या सहलीसाठी एवढंच लक्षात ठेवा. पाऊस थांबलेला असतो, रस्ते सुकलेले असतात, ओढ्यांना पाणी टिकून असतं. रात्री थंडी चांगलीच पडते, पण तिचा उपाय सोपा आहे.

पावसाळ्यात घाटघरकडे दिवसाढवळ्या गाडीच्या नाकापुढचं दिसत नाही. वाहत्या फरशी पुलावरून गाडी घालायचा मोह नवख्यालाच जास्त होतो. एखाद-दोन पावसाळे नुसते दिवसा जाऊन या, मुक्काम नंतर.

मार्च ते मे हा वणव्यांचा काळ. याच दिवसांत शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यामुळे दिसणारा प्रत्येक धूर वणव्याचा असेलच असं नाही. डोंगरउतारावर पुढे सरकणारी आगीची रेघ दिसली तर मात्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मे अखेर ते पहिल्या पावसापर्यंत काजव्यांसाठी गर्दी होते. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते चमकायला लागले की पाहणाऱ्याचं भान हरपतं, यात शंका नाही. पण शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, वनविभाग वेळेची बंधनं घालतो आणि गाड्यांच्या दिव्यांमुळे काजव्यांचं मीलन बिघडतं. जायचंच असेल तर मधल्या वारी जा, गाडी गावात लावा आणि चालत फिरा. टॉर्चवर लाल कागद बांधा.

## ३. वाट आखा, पण छोटी

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. शेंडी हे धरणाजवळचं गाव, इथून फेरी सुरू करा: मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी.

नकाशावर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत भरतं आणि ‘एवढंच?’ असं वाटतं. पण वळणं, खड्डे, रस्त्यावर बसलेल्या म्हशी आणि दर दोन किलोमीटरला थांबायला लावणारा देखावा धरून तासाला वीस किलोमीटरचाच हिशेब करा. दोन रात्री पुरेशा आहेत. पहिली रतनवाडी किंवा साम्रदला, दुसरी पांजरे किंवा मुरशेतला. पहिल्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर सावकाश पाहता येतं. दुसऱ्या दिवशी साम्रदची सांदण दरी पाहा, फक्त पावसाळ्यात तिच्यात उतरू नका, पाण्याला निसटायला दुसरी वाट नसते. घाटघरच्या कड्यावरून कोकण बघायला तासभर राखून ठेवा.

सूर्य मावळायच्या दोन तास आधी मुक्कामाच्या जागी पोचायचं, हा माझा न मोडणारा नियम आहे. अंधारात तंबू लावता येतो, पण जागा निवडता येत नाही. मुंग्यांचं वारूळ, वरची वाळकी फांदी, पाणी वाहायची घळ हे उजेडीच दिसतं.

नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या. रेंजचा भरवसा धरू नका. नकाशातला सगळ्यात जवळचा रस्ता कधी कधी निव्वळ पाऊलवाट असते, म्हणून फाट्यावर थांबून माणसाला विचारा. ‘गाडी जाते का?’ याचं उत्तर बैलगाडी डोळ्यांसमोर आणूनही मिळू शकतं. ‘जीप जाते का? काल-परवा गेली होती का?’ असं विचारा.

जाण्याआधी घरी एक कागद ठेवा. त्यावर कुठल्या रात्री कुठल्या गावात, कुणाच्या घरी, त्यांचा फोन, गाडीचा क्रमांक आणि ‘रविवारी संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्या’ ही ओळ लिहा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे मुलांनाही पाठ असू द्या.

## ४. कागदपत्रं

- चालकाचा परवाना. शक्यतो दोघांकडे, कारण एकजण आजारी पडू शकतो
- गाडीचं नोंदणीपत्र, चालू विमा, पीयूसी
- प्रत्येकाचं ओळखपत्र
- प्रवेश शुल्काच्या पावत्या
- औषधांची यादी आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी

डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात, पण रेंज नसेल तिथे ती उघडतीलच असं नाही, म्हणून छापील प्रत डॅशबोर्डच्या खणात ठेवा. ड्रोन न्यायचा विचार असेल तर त्याची वेगळी परवानगी लागते. पहिल्या सहलीत ती भानगड नको.

## ५. गाडी

या फेरीसाठी फोर बाय फोर लागत नाही. पोटाखाली बऱ्यापैकी उंची असलेली आणि नुकतीच सर्व्हिसिंग झालेली कुठलीही गाडी चालेल. थार किंवा जिम्नी असेल तर आनंदच आहे, पण तिच्या जोरावर रस्ता सोडायचा नाही.

ब्रेक, बॅटरी, कूलंट, वायपर आणि चारही टायर गॅरेजमधून तपासून घ्या. स्टेपनीत हवा आहे का ते स्वतः पाहा. जॅक आणि पाना घराखाली एकदा वापरून बघा, चाकाचे नट तुमच्या हाताने सुटतात का हे घरीच कळलेलं बरं. टाकी घोटीला किंवा राजूरला पूर्ण भरा. या फेरीला वेगळा कॅन लागत नाही, आणि बंद गाडीत पेट्रोलचा कॅन ठेवणं धोक्याचं आहे.

पुढे लोखंडी बुलबार (बंपरपुढचा जाड पाइपचा सांगाडा) बसवू नका. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो बेकायदेशीर ठरवला आहे आणि एअरबॅगच्या कामात तो अडथळा आणतो. गाडीत बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विचारात घ्या, नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल त्यानुसार करता येत नाहीत. छतावर वजन चढवलंत की गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून पाण्याचे जार आणि अवजारं खाली, मागच्या सीटला लागून ठेवा. छतावर फक्त गाद्या आणि तंबू.

सोबत न्यायची अवजारं: हवा भरायचा पंप आणि प्रेशर गेज, पंक्चर किट, जंप केबल, फ्यूज, ओढायचा दोर आणि तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या), फावडं, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, हातमोजे, डोक्याला लावायचे टॉर्च.

## ६. गाडी रुतली तर

चाक फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे जाणवताक्षणी पाय काढा. आणखी रेस केलीत की चाक स्वतःचा खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. सगळ्यांना खाली उतरवा. चाकापुढची माती फावड्याने उतरती करा. टायरची हवा वीस-बावीस पीएसआयपर्यंत कमी करा, त्याने टायर पसरतो आणि पकड वाढते. चाकाखाली सपाट दगड किंवा गाडीतले पायपुसणे घाला. जिवंत झाडाच्या फांद्या तोडू नका. मग हलक्या पायाने, शक्यतो ज्या वाटेने आत शिरलात त्याच वाटेने रिव्हर्समध्ये मागे घ्या. पुढेच काढावी लागली तर दुसऱ्या गिअरमध्ये काढा. डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरा, कमी हवेवर वेगाने गेलात तर टायर तापून फाटतो.

दोर कंपनीने दिलेल्या टो हुकलाच लावायचा, बंपरला कधीही नाही. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो. म्हणून मध्यावर एक जाड चादर टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट अंतरावर उभं करा. मुलांना तर आणखी लांब.

यातून निघाली नाही तर गावात जा. ट्रॅक्टरवाला दादा दहा मिनिटांत जे करतो ते आपण तीन तासांत करत नाही. त्याचे पैसे आधी विचारा आणि घासाघीस न करता द्या. त्याने हातातलं काम टाकलेलं असतं.

ओढा लागला तर आधी काठीने चाचपत चालून जा. पाणी अर्ध्या चाकाच्या वर किंवा गढूळ आणि वाहतं असेल तर परत फिरा. पलीकडे गेल्यावर हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून ते सुकवा.

## ७. मुक्कामाचं सामान

तंबूची तळपट शिवलेली आणि चेन पूर्ण बंद होणारी हवी. यात काटकसर नको, कारण पुढे सांगतो. डिसेंबर-जानेवारीत अंगावरच्या पांघरुणाइतकंच अंगाखालचं महत्त्वाचं असतं. थंडी जमिनीतून वर येते, म्हणून स्लीपिंग बॅगखाली फोमची जाड मॅट घाला. लोकरी टोपी आणि कोरडे मोजे झोपण्यासाठी वेगळे ठेवा.

पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर, स्वयंपाक धरून. स्वयंपाकाला छोटी गॅस शेगडी. मी मात्र रात्रीचं जेवण गावातच सांगतो. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा भात चुलीवरून समोर येत असताना पाकिटातले नूडल्स उकळण्यात काही अर्थ नाही, शिवाय त्या घराला चार पैसे मिळतात. किती माणसं आहात आणि किती वाजता जेवणार, हे दुपारीच कळवा.

शेगडी किंवा निखारे तंबूत किंवा बंद गाडीत कधीही घेऊ नका. थंडीत ऊब हवी म्हणून लोक घेतात. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. गाडीचं इंजिन चालू ठेवून आत झोपणंही तितकंच घातक.

## ८. तळ लावणं आणि शेकोटी

झाडाखाली जागा घेताना वर बघा. वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नको. पेंढ्याच्या उडवीपासून लांब राहा, एक ठिणगी उडाली तर त्या घराच्या गुरांचा वर्षाचा चारा जातो.

शेकोटी घरमालक सांगेल तिथेच, त्याच्या जुन्या जागेवर आणि त्याच्याच लाकडावर. तो नको म्हणाला तर नको. रानातून सरपण गोळा करू नका. झोपण्याआधी पाणी ओतून राख काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि उलटा हात जवळ नेल्यावर ऊब लागली नाही तरच उठा.

स्पीकर घरी ठेवा. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या वाड्यांवर माणसं पहाटे उठून शेतावर जातात. रात्री नऊनंतरचा आवाज त्यांच्या झोपेतून जातो. रानातला शेकरू बघायचा असेल तरी शांतताच लागते.

## ९. मधमाश्या, साप, विंचू, बिबट्या

लोक बिबट्याला घाबरतात. मला सगळ्यात जास्त काळजी मधमाश्यांची वाटते. आग्या मोहोळ कड्याला किंवा उंच झाडाला लटकलेलं असतं आणि धुराने किंवा उग्र अत्तराने उठतं. मग माश्या झुंडीने पाठलाग करतात. हातवारे न करता चेहरा झाकून पळा, गाडीत शिरा, काचा लावा. डंख नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थांबू नका, दवाखाना गाठा.

सापांपैकी नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चार विषारी साप लक्षात ठेवा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की कित्येकदा जागही येत नाही. म्हणून तंबूची चेन बंद हवी. अंधारात टॉर्च आणि बंद बूट घातल्याशिवाय पाऊल टाकू नका. दंश झाला तर चिरा नको, दोरी आवळून बांधणं नको, तोंडाने ओढणं नको. अंगठी-कडं काढा, तो अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष कुठे उपलब्ध आहे, हे घोटी आणि राजूरला जाता जाताच विचारून ठेवा.

लाल विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने त्यावरचा उपचार उभा केला, म्हणून आज असे रुग्ण वाचतात, पण वेळेत पोचले तरच. घाम फुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की निघा. सकाळी बूट झटकून घाला, दगड उचलताना हात आधी खाली घालू नका.

बिबट्यासाठी मुलांना अंधार पडल्यावर एकटं सोडू नका, उरलेलं अन्न गाडीत बंद ठेवा आणि पाळीव कुत्रा सोबत आणू नका.

## १०. निघताना आणि घरी आल्यावर

कचरा गावात टाकू नका, तिथे तो उचलायला घंटागाडी येत नाही. दोन जाड पिशव्या न्या आणि सगळं शहरात परत आणा. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅडसुद्धा. शौचाला घरमालकाचं शौचालय वापरा, त्याचे पैसे वेगळे द्या.

खुंट्या मोजा. गवतात राहिलेली खुंटी म्हशीच्या खुरात घुसते.

घरी आल्यावर तंबू उन्हात पूर्ण वाळवून मगच गुंडाळा, गाडी खालून धुवा, कपडे गरम पाण्यात टाका. अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे नीट तपासा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. चावलेल्या जागी कधी कधी काळ्या रंगाची खपली धरते आणि ताप यायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर सहल विसरलेली असते. तीन आठवड्यांच्या आत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही रानात तंबूत राहिला होतात. त्यावर साधं, स्वस्त औषध आहे, पण निदान वेळेत व्हावं लागतं.